ड्रम टेस्ट

एकोणपन्नासाव्या वर्षी मी सूरमध्ये
गाडी शिकायला लागले.
अनुग्रह हसला नाही, तेच जास्त लागलं.

लोखंडी ड्रम उभे, त्यांच्या मधून गाडी
मागे घ्यायची, कुणालाही धक्का न लावता.
ओमानात परीक्षा अशी सुरू होते, उलट्या दिशेने.
पहिल्यांदा डावा ड्रम पाडला, दुसऱ्यांदा दोन,
तिसऱ्यांदा एकही नाही, पण गाडीच बंद पडली
आणि मी स्टिअरिंगला कपाळ टेकून
राहुरीच्या चर्चमध्ये बसल्यासारखी बसून राहिले.

शिकवणारी उम्म माझिन. अबाया, काळा गॉगल,
ॲश-ट्रेमध्ये खजुराच्या बिया.
"सुवार्ता म्हणजे काय गं?"
मोडक्या अरबीत सांगितलं, चांगली बातमी.
"मग बुशरा म्हण ना सरळ!"
तेव्हापासून, बुशरा, क्लच. बुशरा, आरसा.
शुवै शुवै, बुशरा, तो उंट आहे, त्याला घाई नाही.
आणि एकदा, सिग्नलला, खिडकीबाहेर बघत,
"घरात बसून राहते ती कसली बातमी?
यल्ला."

आईच्या प्रार्थनेला एकच क्रियापद होतं : सांभाळ.
नोकरी सांभाळ, लेकरं सांभाळ,
रस्ता ओलांडणाऱ्याला सांभाळ.
मी ते इकडे आणलं, लोणच्याच्या बरणीसारखं
फडक्यात घट्ट बांधून.
बावीस वर्षं क्वार्टर ते हॉस्पिटल, हॉस्पिटल ते क्वार्टर,
शुक्रवारी उपासनेला दुसऱ्याच्या गाडीत, मागच्या सीटवर,
गीतांची वही मांडीवर.
देवाला मी इतकी वर्षं
फक्त ब्रेक दाबायला सांगत होते.

चौथ्यांदा पास.

त्याच आठवड्यात उपासनेनंतर कुणी सहज म्हणालं,
अल कामिलच्या पुढे रस्त्याच्या कॅम्पात
जालन्याकडचा एक पोरगा पाय मोडून पडलाय,
मराठी बोलायला माणूस नाही.
सगळ्यांनी डोळे मिटून त्याच्यासाठी विनंती केली.
आमेन म्हणून मी डोळे उघडले
तर किल्ली माझ्याच मुठीत.

पुस्तक नेलं नाही, पत्रक नेलं नाही.
ज्वारीच्या चार भाकरी, ठेचा, वांग्याचं भरीत.
साठ किलोमीटर. ट्रक अंगावरून गेल्यासारखे जात होते,
वाळू रस्त्यावर सापासारखी सरकत होती,
आणि एका वळणावर नकाशावरचा निळा ठिपका
रस्ता सोडून वाळवंटातच उभा राहिला.
तंबू गुंडाळून, कुठे जायचं ते न विचारता
निघालेल्या म्हाताऱ्याची गोष्ट
मी रविवारच्या शाळेत किती पोरांना शिकवली होती!
त्याच्या बायकोच्या पोटात काय गोळा आला असेल
हे मात्र त्या वळणावर कळलं.

मुक्तीराम. वय बावीस. प्लास्टरवर पेनने काढलेला बैल.
भाकरी खाताना बोलला नाही.
मग म्हणाला, "मावशी, समुद्र कसा असतो गं?
दोन वर्षं झाली, विमानातून पाहिला तेवढाच."

फोरमन म्हणाला, पहाटेपर्यंत आणा.

समुद्राकाठी बावीस वर्षं राहून
मी पाण्यात कधी पाय घातला नव्हता.
चपला भिजतात, साडी भिजते, सर्दी होते.
त्याने प्लास्टरला बिगारीची पिशवी गुंडाळली,
कुबडी टेकत टेकत शिरला,
आणि पाणी निळं पेटलं,
प्रत्येक पावलाला, कुबडीच्या प्रत्येक टोचणीला.
वळून ओरडला, "ये ना मावशी!"

ये.
एवढाच शब्द ऐकून एका कोळ्याने
भर वाऱ्यात होडीबाहेर पाय टाकला होता.
तो शब्द कोळ्यांसाठी असतो
असं मी धरून चालले होते.

मागे गाडीत फोन वाजत होता, अनुग्रहचा असणार.
चपला कुठे काढल्या ते सकाळी सापडलं.
हँडब्रेक ओढला होता की नाही,
खरंच आठवत नाही.